दुरुस्तीचा कागद यंत्राबाहेर हवा



बंद पडलेला संगणक कसा उठवावा हे सांगणारं लिखाण, हा काही व्याख्यानमालेचा नेहमीचा विषय नव्हे. पण १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी फाइल धाडली. ती सदोष होती. या कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यातच चालतं, त्यामुळे ते कोसळलं की अख्खं यंत्र कोसळतं. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रं आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कंपनीने ७८ मिनिटांत चूक सुधारली. तरी निस्तरायला कित्येक दिवस गेले, कारण सुधारलेली फाइल घ्यायला संगणक आधी धड सुरू तर व्हायला हवा! काही यंत्रं पुन्हापुन्हा रीस्टार्ट केल्यावर जागी झाली. मायक्रोसॉफ्टने तर पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट करावं लागल्याचं नमूद केलं होतं. बाकीच्यांपाशी माणसालाच जावं लागलं.

इलाज चार ओळींचा होता. सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. पण ज्या डिस्कना बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीचं कुलूप होतं, त्यांनी दारातच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती की ज्या सर्व्हरवर ठेवलेली, तोही काही ठिकाणी त्याच निळ्या पडद्यात अडकलेला. घराची किल्ली घरातच राहून दार ओढलं जावं, तशी गत.

दुरुस्तीच्या लिखाणाची पहिली कसोटी इथेच लागते. ते लिखाण आणि त्याला लागणाऱ्या किल्ल्या बिघडणाऱ्या यंत्राच्या बाहेर हव्यात.

दुसरी कसोटी वाचणाऱ्याची. हे लिखाण कुणी चहा पीत, पाय पसरून वाचत नाही. समोर काळा पडदा, मागे साहेब उभे, अशा अवस्थेत माणूस ते उघडतो आणि दिसेल ती ओळ तशीच्या तशी टाइप करतो. लिनक्सच्या जगात सिस्टिमरेस्क्यू नावाची फुकट मिळणारी रेस्क्यू डिस्क आहे. पेनड्राइव्हवरून ती सुरू केली की आतल्या डिस्कला हात न लावता स्वतःच्या पायावर चालते. सोय उत्तम, पण एक मेख आहे. रोज ‘एसडीए’ नावाने ओळखली जाणारी तुमची डिस्क त्या दिवशी ‘एसडीबी’ होऊ शकते, कारण पहिलं नाव पेनड्राइव्हने पटकावलेलं असतं. कागदावर नुसतं ‘एसडीए’ छापलेलं असेल आणि पुढची आज्ञा डिस्कवर लिहिणारी असेल, तर दुरुस्ती राहिली बाजूला, भलतीच डिस्क पुसली जाते.

म्हणून जाणता लेखक आधी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यायला सांगतो आणि नावावर न जाता आकारावरून डिस्क ओळखायला लावतो. शिवाय एक टेराबाइटची डिस्क तिथे ९३१.५ अशी दिसेल, हेही लिहून ठेवतो. हिशेब हजाराने न होता १०२४ ने होतो, एवढंच त्यामागचं कारण. पण ते वाक्य नसेल, तर घाबरलेल्या माणसाला वाटतं, आपला डेटाच गेला!

तिसरी गोष्ट क्रमाची. डिस्क मरायला टेकली असेल तर ‘एफएससीके’ चालवून डागडुजी करण्याआधी तिची प्रत काढायची. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, मग खराब भागाकडे वळतं, आणि कुठवर आलो याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली तरी काम तिथून पुढे सुरू करता येतं. मात्र ती मॅपफाइल दुसऱ्या धड डिस्कवर हवी. रेस्क्यू डिस्कचा संसार सहसा मेमरीतच मांडलेला असतो. रीस्टार्ट झाला की तिथल्या फाइली गेल्या. ‘फाइल कुठे ठेवायची’ ही एक ओळ नाही म्हणून रात्रभराचं काम वाया जातं.

अशी पुस्तिका लिहिणारे बहुतेक जण यंत्र उत्तम जाणतात, वाचणाऱ्याला मात्र गृहीत धरतात. माझ्या मते प्रत्येक आज्ञेखाली दोन गोष्टी असल्याच पाहिजेत: पडद्यावर काय दिसायला हवं, आणि ते दिसलं नाही तर कुठे थांबायचं. ‘इथे थांबा’ हे शब्द मी फार थोड्या पुस्तिकांत पाहिले आहेत.

आता तुमच्या घरापुरतं. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की डिस्कचं कुलूप आपोआप लागतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याची ४८ आकडी की त्या खात्यात ठेवलेली असते. आज घरी गेलात की ती शोधा, कागदावर उतरवा, आकडे दोनदा ताडून पाहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घराच्या कागदपत्रांत ठेवा.