खुरपं कोणाच्या हाताचं?

(एपिसोडचा उतरवलेला मजकूर. बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेलं काढलंय.)

सुरुवातीला जो ठण-ठण आवाज ऐकलात, तो कुठल्या गाण्याचा बीट नाही. वसमतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाची ऐरण आहे ती. फोनवरच रेकॉर्ड केलंय, म्हणून मधून एक ट्रॅक्टरही गेला. त्याला माफ करा.

आजचा विषय खुरपं. हसू नका. आपल्या हिंगोली जिल्ह्यात पावसाळ्यात दुपारी कुठल्याही शिवारात उभं राहा. हळदीत, सोयाबीनमध्ये बायकांची रांग बसलेली दिसेल आणि प्रत्येकीच्या हातात हे एवढंसं लोखंड. तणनाशकाच्या फवाऱ्यातून जे सुटतं ते शेवटी खुरप्यालाच येतं.

मी दहावीत असतानाची गोष्ट. शाळेच्या परसबागेसाठी एखादं अवजार स्वतः बनवून आणायचं, असा प्रकल्प होता. आम्ही तिघांनी खुरपं घेतलं, कारण ते सोपं वाटलं. फॅब्रिकेशनच्या दुकानातून एमएसची पट्टी आणली, कटरने कापली, ग्राइंडरवर धार लावली आणि मूठ म्हणून पीव्हीसी पाइप ठोकून बसवला. वर निळा रंग. दिसायला एक नंबर! मार्कही चांगले पडले.

मग मी ते खुरपं कौतुकाने आईला दिलं. ती दुसऱ्या दिवशी हळदीच्या निंदणीला तेच घेऊन गेली. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, काहीच बोलली नाही. मीच विचारलं, कसं आहे? म्हणाली, "चांगलं हाय की. फक्त तुहं खुरपं गवताला घाबरतंय."

धार मुरगळली होती, आणि पाइपची कड लागून तिच्या तळहाताला दोन फोड आले होते. पोराने बनवलंय म्हणून तिने दिवसभर तेच चालवलं, आणि पात धरताना ती सगळ्यांच्या मागे राहिली. रोजंदारीच्या कामात मागे राहणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तिच्या कमरेला परत जुनं खुरपं.

तेव्हा मला राग आला होता. आता कळतं, आम्ही एक साधी गोष्ट केलीच नव्हती. खुरपं कोण धरणार, हे कुणाला विचारलंच नाही. तिघांपैकी एकानेही कधी सलग दोन तास निंदणी केली नव्हती. माप घेतलं ते आमच्याच पंजाचं.

दुसरी चूक लोखंडाची. ती जरा नीट सांगतो, कारण शाळेत आम्हाला कोणी सांगितली नाही. एमएस म्हणजे साधं मऊ पोलाद, त्यात कार्बन साधारण ०.२ टक्के. त्याला कितीही तापवा, पाणी द्या, ते म्हणावं तसं कडक होत नाही. घिसाडी लोक खुरपं, विळा, कुऱ्हाड बनवतात ती ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. आकडा छोटा वाटतो, पण सगळा खेळ तेवढ्यावरच आहे.

पाल्यावरच्या काकांनी मला हे टक्के सांगितले नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे ग्राइंडरच्या चाकाला लावले. एमएसच्या ठिणग्या लांब, साध्या रेघांसारख्या. पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. "फुललं की घे," एवढंच म्हणाले. अजून काय पाहिजे!

पुढे कॉलेजला असताना पाबळचं नाव ऐकलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की पोरांनी हाताने खरं काम करावं आणि त्यातून विज्ञान शिकावं. मग आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम आला. आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य अशी कामं. वेल्डिंगपासून माती तपासण्यापर्यंत सगळं. पुढे तो पाबळबाहेरच्या शाळांतही गेला.

मला त्यातला भावलेला भाग वेगळाच आहे. पोरांनी केलेली कामं गावातल्या लोकांच्या उपयोगाची असतात, आणि लोक त्याचे पैसेही देतात. आता बघा, आमचं निळं खुरपं सरांनी टेबलावर ठेवून तपासलं. ते जर पन्नास रुपयांना कुणा मावशीला विकायचं असतं, तर तिने आधी हातात धरून जमिनीवर दोनदा ओढून पाहिलं असतं आणि तिथेच परत दिलं असतं. आईचा दिवस वाचला असता.

पाबळला २००२ मध्ये फॅब लॅबही आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. भारी गोष्ट आहे. पण खुरप्यासाठी लेझर कटरची वाट बघत बसू नका, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो.

मी तेच केलं. गेल्या वर्षी शेजारच्या आठवी-नववीच्या चार पोरांना घेऊन दुसऱ्यांदा खुरपं बनवलं. पहिले दोन दिवस लोखंडाला हातच लावला नाही. पोरं निंदणीला गेली, बसली, पाय आखडले, तासाभरात उठली. मग प्रश्न सुचायला लागले. मावशी खुरपं आडवं का ओढतात? हळदीच्या कंदाजवळ आल्या की नुसतं टोक का वापरतात? कारण कंद वरच असतो, पातं खोल गेलं की तो चिरतो. पण लव्हाळा आणि हराळी वरून कापून भागत नाही, खालून उकरावं लागतं. म्हणजे एकाच पात्याला खरवडायचंही आहे आणि उकरायचंही. त्यात आपली काळी माती. ओली असली की पात्याला थापून बसते, दर चार हाताला झटकावी लागते. एका पोराने त्यावर पातं अरुंद करायचं सुचवलं. पुठ्ठ्याचे पाच आकार कापले, काडीला बांधले आणि पाच जणींच्या हातात दिले. मनगट वाकडं होतंय का, एवढंच बघायचं होतं. एक मावशी डावखुरी निघाली. आयुष्यभर उजव्या हाताचं खुरपं उलटं धरून चालवत होती. तिने कधी तक्रार केली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मग भाता आणि ऐरण. पाटा लाल करून राखेत पुरून ठेवला, रात्रभर सावकाश थंड झाला की मऊ पडतो आणि कापता येतो. घण काकांचा, सांडशी पोरांच्या हातात. चष्मा सगळ्यांना, आणि नायलॉनचे शर्ट घरी. जस्त चढवलेला पत्रा भट्टीत घालायचा नाही, धूर वाईट असतो.

पाणी द्यायची वेळ ओळखायला काका रंग बघतात. पोरांना तो रंग उन्हात दिसेना, म्हणून आम्ही लोहचुंबक आणला. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. चिकटणं थांबलं, वर अजून थोडं तापवलं आणि तेलात बुडवलं. पाण्यात पाटा तडकायची भीती असते. आता ते कडक झालं, पण काचेसारखं. दगडावर आपटलं तर टवका उडेल. म्हणून घासून चकचकीत केलं आणि मंद आचेवर धरलं. आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. आम्ही जांभळ्यावर थांबलो. काकांनी सांगितलं म्हणून, आणि ते बरोबर निघालं.

मूठ बाभळीची. आईच्या मुठीभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं. या वेळी सुतळीचा एक वेढा कमी करावा लागला, तिची बोटं आता पूर्वीसारखी मिटत नाहीत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे शिकायचे असं लिहिलंय. तुमच्या शाळेत ते दिवस कुठे जातात, हे एकदा सरांना विचारून बघा. सुतार, माळी, कुंभार हे त्यात नावाने आहेत. लोहाराचं पाल कुठे पडलंय, ते गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर माहीत असतं. आणि तिथे गेलात तर काकांच्या वेळेचे पैसे द्या. आम्ही पहिल्या दिवशी विसरलो होतो.

हां, खुरप्याचं काय झालं? दोन महिने चाललं. एकदा शेवटून आणावं लागलं. डावखुऱ्या मावशीसाठी उलट्या बाकाचं वेगळं केलंय, तिने अजून परत केलेलं नाही. आईचं म्हणणं, मूठ अजून जरा जड आहे. ती या आठवड्यात तासणार.

तुमच्याकडे खुरप्याचा आकार कसा असतो? फोटो पाठवा, आणि घरात ते जास्त कोण वापरतं त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तुमचा नको, त्यांचाच. पुढच्या वेळी ते ऐकू. चला, भेटू.