मतदाराला घाबरवून काय मिळते?



निवडणूक जवळ आली की पक्षाच्या कचेरीत एक सल्ला हमखास ऐकू येतो. आपण काय करणार ते सांगत बसू नका, 'ते' आले तर काय होईल ते सांगा. माणूस भीतीनेच घराबाहेर पडतो. असे सांगणारे अनुभवी असतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नसते. पण हा डाव कुठे लागू पडतो आणि कुठे अंगाशी येतो, हे समजून घ्यायला मी आज तुम्हाला चिलीत नेणार आहे.

१९७३ साली जनरल पिनोशे यांनी लष्करी उठाव करून आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. त्यांच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. पुढे त्यांनीच केलेल्या राज्यघटनेनुसार ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत ठरले. प्रश्न एकच: पिनोशे आणखी आठ वर्षे हवेत का? 'हो' की 'नाही'? प्रचारासाठी दोन्ही बाजूंना २७ दिवस, रोज रात्री उशिरा, टीव्हीवर पंधरा-पंधरा मिनिटे मिळाली.

सरकारी बाजूने भीतीचा रस्ता धरला. आयेंदेंच्या काळातल्या दुकानांपुढच्या रांगा, रस्त्यांवरची हाणामारी पुन्हा पुन्हा दाखवली. 'नाही' म्हणालात तर तेच दिवस परत येतील, हा इशारा.

विरोधकांकडे दाखवायला याहून कितीतरी भयंकर होते, आणि ते सगळे खरे होते. छळछावण्या होत्या, बेपत्ता माणसांच्या याद्या होत्या. पण सामान्य मतदारांशी बोलताना प्रचारकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसे आधीच घाबरलेली होती. आपण कुणाला मत दिले ते वर कळेल, नोकरी जाईल, ही धास्ती होती. शिवाय, आपण जिंकलो तरी हा हुकूमशहा खुर्ची सोडणार थोडाच, अशी निराशा होती. अशा माणसाला आणखी भय घातले तर तो दाराला कडी लावून आत बसतो. माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. संकट दिसले एवढ्याने कोणी उठत नाही. आपण उठल्याने ते टळेल, असे मनाने घेतले तरच पाय हलतात.

म्हणून 'नाही'च्या प्रचाराने चिन्ह घेतले इंद्रधनुष्याचे. त्यात गाणी होती, हसरे चेहरे होते, उद्या आनंद येतो आहे असे वचन होते. द्वेष नको, हिंसा नको, भीती नको, आणि मत गुप्त राहते, हे परत परत सांगितले गेले. विरोधकांतल्याच काहींना हे फार खटकले. माणसे मेली आहेत आणि तुम्ही नाचगाणी दाखवता? हा सवाल उथळ नव्हता, आणि प्रचाराने तो टाळलाही नाही. एके रात्री पडद्यावर काही स्त्रिया आल्या. बेपत्ता झालेला आपला कोण, मुलगा की नवरा की भाऊ, हे एकेकीने सांगितले. मग त्यांतली एक उठली आणि क्वेका नाचू लागली. क्वेका हे चिलीचे लोकनृत्य, हातात रुमाल घेऊन जोडीने करायचे. ती एकटीच नाचली; समोरची जागा रिकामी होती. पाहणाऱ्याला धमकी कुणाचीच नव्हती. काय हरवले आहे, एवढेच त्याला दिसले.

नोंदणी झालेल्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले. सुमारे ५६ टक्के 'नाही' म्हणाले. (आपल्याकडे आणीबाणीनंतर, १९७७ साली पु. ल. देशपांडे प्रचारसभांत बोलायला उभे राहिले, तेव्हा धास्तावलेल्या माणसांना पुन्हा एकत्र मोकळेपणाने हसता आले. मला त्याचे मोल फार मोठे वाटते.)

आता कोणी म्हणेल, फ्रान्समध्ये तर भीतीने काम केले. केले, आणि चोख केले. २१ एप्रिल २००२ रोजी अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत डाव्यांचे उमेदवार, पंतप्रधान जोस्पाँ, तिसरे आले आणि कडव्या उजव्या गटाचे जाँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोचले. देशाला धक्का बसला. १ मे रोजी लाखो लोक रस्त्यावर उतरले. ज्या डाव्यांना उजव्या पक्षाचे अध्यक्ष जाक शिराक डोळ्यांसमोर नको होते, त्यांनी शिराक यांनाच मत दिले. मतदान पहिल्या फेरीपेक्षा आठ टक्क्यांनी वाढले आणि शिराक यांना ८२ टक्के मते पडली. इथे संकट अचानक आले होते, आणि ते कसे टाळायचे हे प्रत्येकाला नेमके ठाऊक होते.

मग तीच हाक पुन्हा द्यायची सवय लागली. २०१७ साली ल पेन यांच्या कन्या मरीन यांच्याविरुद्ध मॅक्राँ यांना ६६ टक्के मते मिळाली, २०२२ साली साडेअठ्ठावन्न. बांध तोच, मात्र दर वेळी खचत गेलेला. २०१७ च्या दुसऱ्या फेरीत मतदान पहिल्या फेरीपेक्षा कमी झाले, आणि चाळीस लाखांहून अधिक मते कोरी किंवा बाद निघाली. कोरी मतपत्रिका टाकणारा आळशी नव्हता. तो केंद्रापर्यंत चालत गेला होता, रांगेत उभा राहिला होता. कोण नको, हे त्याला पंधरा वर्षे सांगितले जात होते. कोण हवे आणि कशासाठी, हे त्याला पटेल असे कोणी सांगितले नव्हते.