सदऱ्यावरचे नाव आणि हजेरीपट

बारामतीच्या बाजारपेठेत रंगीत छत्रीखाली बसलेला किंवा पाठीला पिशवी अडकवून मोटारसायकलीवर वाडीवस्तीला फिरणारा तरुण सर्वांच्या परिचयाचा आहे. तो सिमकार्ड विकतो, एका कंपनीचा क्रमांक दुसरीकडे वळवून देतो, फायबरच्या जोडणीचे अर्ज भरून घेतो. माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर, निमगाव केतकी अशी त्याची फेरी असते. अंगातल्या सदऱ्यावर कंपनीचे नाव ठळक छापलेले असते. परंतु कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव बहुधा सापडत नाही. या दोहोंमधले अंतर हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

टेलिफोन ही वस्तू दारावर विकायला येईल, असे चाळीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. तेव्हा सरकारी खात्याकडे अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हीच रीत होती. जादा अनामत भरणाऱ्याला रांगेत पुढे घेण्याची सोय मात्र तेव्हाही होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे म्हणूनच कारण नाही. तथापि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने देशी बनावटीची ग्रामीण एक्स्चेंजे तयार केली आणि खेड्यापर्यंत तार पोहोचली, हे सार्वजनिक क्षेत्राचेच कर्तृत्व होते.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने खाजगी भांडवलाला दार उघडले. मोठमोठ्या बोली लावून परवाने घेतलेल्या कंपन्यांना पुढे ती रक्कम पेलवेना, तेव्हा १९९९ च्या नव्या धोरणाने ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा देण्याची सवलत त्यांना दिली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला इतक्या तत्परतेने अटी बदलून मिळाल्याचे कोणाच्या ऐकिवात असल्यास त्याने अवश्य सांगावे! २००० च्या ऑक्टोबरात सरकारी खात्याचे भारत संचार निगम झाले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, काही महिने सेवा फुकट मिळाली, आणि त्या झुंजीत लहान कंपन्या एकेक करून बुडाल्या किंवा विलीन झाल्या. मैदानात तीन मोठ्या खाजगी कंपन्या आणि खंगलेले निगम एवढेच उरले. निगमातील अठ्ठ्याहत्तर हजारांवर कर्मचारी जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. पुढे जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. स्पर्धेचे फळ म्हणतात ते असे असते.

कायम कर्मचारी कमी होत गेले, तरी ग्राहक मिळवण्याचे काम कोणीतरी करावेच लागते. ते वितरक, उपवितरक आणि त्याखालच्या फिरत्या पोरांवर आले. हा पोरगा शेतकऱ्याचा, बहुधा पदवीधर. त्याची मिळकत जोडणीमागे दलालीने ठरते. ग्राहकाने पुढचे रिचार्ज केले नाही, तर दलालीला कात्री लागते. पेट्रोल त्याचे, उन्हातान्हातली पायपीट त्याची आणि महिन्याचा ठरवून दिलेला आकडा मात्र वरून येतो.

या आकड्याच्या दडपणातून जे घडते ते गंभीर आहे. अंगठा नीट उठला नाही, पुन्हा ठेवा, असे सांगून दुसऱ्यांदा घेतलेल्या ठशावर भलतेच सिमकार्ड सुरू केल्याची प्रकरणे देशात ठिकठिकाणी उघडकीस आली. अशी कार्डे सायबर चोरांच्या हाती जातात आणि पोलीस येतात ते अंगठा देणाऱ्याच्या दारात. तो कोण असतो? साखर कारखान्याच्या हंगामासाठी बीडहून आलेला ऊसतोड मजूर, भिगवणचा मासेमार, एकटी राहणारी म्हातारी. सरकारने डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक विक्रेत्याची नोंदणी सक्तीची केली आणि गैरव्यवहारात सापडणाऱ्याला तीन वर्षे काळ्या यादीत टाकण्याचे ठरवले. नोंदणी योग्यच आहे. पण मासिक आकड्याला वेसण घालणारे कलम त्यात कोठे आहे? फसवणाऱ्या पोराचे समर्थन करता येणार नाही. मात्र त्या फसवणुकीतून वाढलेली ग्राहकसंख्या कोणाच्या ताळेबंदात मिरवते, हेही विचारले पाहिजे.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी एके काळी असेच दारोदार हिंडत. त्यांनी संघटना बांधली, झगडा केला, आणि १९७६ मध्ये विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नेमणूकपत्र, रजा, विक्रीच्या आकड्यापलीकडची नोकरीची शाश्वती या गोष्टी त्या झगड्यातून चर्चेत आल्या. सिमकार्डवाल्याला अजून आपण कामगार आहोत असेच वाटत नाही. आपण ‘व्यवसाय’ करतो, असे त्याच्या मनावर बिंबवले गेले आहे.

दुसरा प्रश्न तारेच्या वाटपाचा. या दोन तालुक्यांत पाण्याचे राजकारण कोणाला शिकवावे लागत नाही. कालव्याच्या शेपटाकडच्या इंदापूरकराला पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि मोरगाव-सुप्याचा जिरायती पट्टा पावसाकडे डोळे लावून बसतो. तारेचा हिशेबही तोच: घरे दाट, खिशात उसाचा पैसा, तेथे विक्रेता आठवड्यातून दोनदा येतो, विखुरलेल्या वस्तीवर तो फिरकतच नाही, कारण एका घरासाठी ओढायची तार परवडत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली सरकारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची आहे. कचेरीपासून वस्तीपर्यंतचे अंतर मग बाजाराच्या मर्जीवर सोडले जाते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली, तेव्हा या अंतराची किंमत वस्तीवरच्या मुलांनी भरली.

सहकाराला हे अशक्य होते असे नाही. वारणेच्या परिसरात १९९८ मध्ये साखर कारखान्याच्या आधाराने सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. पुढे तो रेंगाळला, तरी सभासदांच्या संस्थेने दळणवळणाची जबाबदारी घ्यावी हा विचार त्यात होता. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांच्या वार्षिक सभांत उसाच्या भावावर तास तास जातात, ते रास्तच आहे.

कार्यकर्त्यांनी तूर्त दोन कामे हाती घ्यावीत. वस्तीवर, कोप्यांवर जाऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावे किती क्रमांक चालू आहेत ते कसे पाहावे, हे लोकांना दाखवावे आणि अनोळखी क्रमांकाची तक्रार तिथल्या तिथे नोंदवून घ्यावी. आणि छत्रीखालच्या त्या तरुणाशी ग्राहक म्हणून नव्हे, सोबती म्हणून बोलावे: नेमणुकीचा कागद आहे का, दलाली कोण कापतो, अपघात झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण देतो. येत्या ग्रामसभेत भारतनेटची तार पंचायतीच्या कचेरीत चालू आहे की नुसतीच पेटी भिंतीला टांगली आहे, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.