हिरवा पडदा आणि हिरवा चुडा

दादासाहेब फाळके यांनीं दादर येथें निर्मिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. देवांचें प्रकट होणें, अंतर्धान पावणें, हें मूकपटाच्या त्या काळीं कॅमेरा मध्येंच थांबवून किंवा एकाच फितीवर दोनदां चित्र घेऊन साधीत. आज तसलें पुष्कळसें काम घडी घालून काखेंत नेतां येणारा हिरवा पडदा करतो. संगणक चित्रांतील तेवढा हिरवा रंग वेंचून पुसतो आणि त्या जागीं समुद्र वा राजवाडा बसवितो. हिरवाच कां? मनुष्याच्या कांतींत तो रंग उठून दिसत नाहीं. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांतील निम्मे प्रकाशबिंदु हिरव्यासाठींच राखलेले असतात.

पडद्यावर सुरकुती किंवा सांवली पडली कीं हिरव्याच्या अनेक छटा होतात व संगणक गोंधळतो. माणूसही पडद्यापासून चार-पांच फूट पुढें हवा; नाहीं तर हिरवी झांक गालांवर चढते. लालबागच्या दहा फुटी खोलींत हे पांच फूट आणावयाचे कोठून? कपाट गॅलरींत न्यावें, दुसरा उपाय नाहीं!

याहून नाजूक अडचण नवरीची. हिरवा चुडा नि हिरवा शालू लेऊन ती पडद्यापुढें उभी राहिली, तर बांगड्या जातात, शालू जातो आणि समुद्रावर तरंगतात केवळ मुखडा व दोन हात. चुडा उतरविण्यास घरांतील वडील माणसें संमति देणार नाहींत, आणि तें योग्यच. पुष्कळ घडीच्या पडद्यांची दुसरी बाजू निळी असते. ती पुढें करावी. मात्र नवऱ्या मुलाचा फेटा निळा नाहीं ना, तें आधीं पाहावें.