लगेजच्या डब्यात



शीव कोळीवाड्यात आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचा कुत्रा मोती बारा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याचे मागचे पाय गेले. एकामागून एक चार टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. शेवटी भाजीवाल्याच्या हातगाडीवर गोणपाट अंथरून त्याला झोपवलं आणि किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता करत आम्ही परळला पोचलो.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं हॉस्पिटल जुनं. त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्याही आधी, १८३२ च्या जूनमध्ये, सरकारने कुत्रे मारायला माणसं लावली, तेव्हा पारशी मंडळींनी मुंबईचे बाजार बंद पाडले होते. एवढा जीव लावणाऱ्या या शहरात आजारी कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं कसं?

आमच्या गुरु तेग बहादूर नगरहून, म्हणजे जुन्या कोळीवाडा स्टेशनहून, शिवडी फक्त दुसरं स्टेशन. तिथून परळ चालत जाता येतं. पण रेल्वेच्या नियमांत सेकंड क्लासमध्ये कुत्र्याला मज्जाव. लांबच्या गाडीत एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. चाळीतल्या माणसाला यातलं काय परवडणार? लंडनच्या ट्यूबमध्ये शहाणा कुत्रा मालकासोबत फुकट जातो. स्वित्झर्लंडमध्ये त्याचं अर्धं तिकीट निघतं.

मला वाटतं, दुपारी बारा ते चार, लोकलच्या लगेजच्या डब्यात कुत्र्याला जागा द्यावी. तिथे मासळीच्या पाट्या जातातच. गळ्यात पट्टा, तोंडाला जाळी, रेबीजची लस आणि पालिकेचा परवाना, एवढं असलं की पुरे. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, त्यांच्या भीतीचाही मान राखायला हवा. म्हणून माणसांच्या डब्यात नको.

कुत्र्याला हॉटेलात येऊ द्यावं का, हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी आमच्या कोळीवाड्याला तळलेल्या मासळीचं नाव मिळवून दिलं. तिथे संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यांपाशी पाळीव कुत्रा मालकाच्या पायाशी बसला, तर कुणाचं बिघडत नाही. स्वयंपाकघरात मात्र कधीच नको.

मोतीला पुन्हा दाखवायचं आहे. काकूंनी हातगाडी सांगून ठेवली आहे, गुरुवारी सकाळी सहाची.