मुंबईची त्रिंकोमाली

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तिथल्या एका जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक लढाऊ फ्रिगेट पाण्यावर उभी आहे. तिचे नाव एच.एम.एस. त्रिंकोमाली. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी आज तरंगत असलेली ही सर्वांत जुनी, आणि ती बांधली गेली मुंबईत. नौसेनापती नेल्सनची व्हिक्टरी ही युद्धनौका वयाने मोठी खरी, पण ती १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे.

ब्रिटिश नौदलाने १८१२ मध्ये ही फ्रिगेट बांधायला सांगितली तेव्हा नेपोलियनशी युद्ध चालू होते आणि इंग्लंडमध्ये चांगल्या ओकची टंचाई होती. मुंबईच्या गोदीत मलबारचे सागवान येत होते आणि वाडिया घराण्याचे पारशी कारागीर तिथे १७३६ पासून काम करत होते. जहाजाचे आराखडे ज्या जावा नावाच्या फ्रिगेटवरून मुंबईकडे निघाले, ती वाटेतच ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने पाडाव करून जाळली. आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. ही कॉन्स्टिट्यूशनही बॉस्टन बंदरात जतन केलेली आहे. जिच्यामुळे काम रखडले ती आणि जिचे रखडले ती, दोन्ही जहाजे आज पाहायला मिळतात, हा योग विरळाच.

जमशेटजी बमनजी वाडिया हे मुख्य बांधणीकार. पारशी रीतीप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून कामाचा आरंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. तोवर युद्ध संपले होते. त्यामुळे १८१९ च्या एप्रिलअखेर पोर्ट्समथला पोचलेली त्रिंकोमाली पुढची पंचवीसेक वर्षे डोलकाठ्यांविना, वर छप्पर घालून, राखीव ताफ्यात पडून राहिली. १८४७ मध्ये ती प्रथम कामगिरीवर निघाली, तीही तोफा ४६ वरून २६ वर आणून. आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजचा आणि नंतर पॅसिफिकचा पहारा तिच्याकडे होता. पुढे ती नौसैनिकांचे प्रशिक्षण जहाज झाली, १८९७ मध्ये मोडीत विकली गेली आणि जेफ्री व्हीटली कॉब या धनिकाने विकत घेतल्यामुळे वाचली. त्याने तिचे नाव फूद्रॉयां ठेवले. त्या नावाने तिने १९८६ पर्यंत मुलामुलींना दर्यावर्दी शिक्षण दिले. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला आली. १९९० ते २००१ या काळात तिची डागडुजी झाली आणि १९९२ मध्ये मूळ नावही परत मिळाले.

दोनशे वर्षांनंतरही तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे, याचे श्रेय सागवानाला. सागातल्या नैसर्गिक तेलामुळे बुरशी आणि कीड सहजासहजी लागत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे झिजतात, तसे सागात होत नाही. अर्थात नुसत्या लाकडाने जहाज होत नाही. ते निवडणारी, तासणारी आणि सांधणारी माणसे मुंबईची होती, आणि त्यांच्या हातची कारागिरी फळ्यांच्या जोडांत आजही पाहता येते.

जहाज पाहायला सुरुवात करावी ती नाळेपासून. तिथे पागोटे बांधलेल्या एका पुरुषाचा कोरीव अर्धपुतळा आहे. वरच्या डेकवर डोलकाठ्या आणि दोरखंडांचे जाळे. त्याखालच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा आणि मागच्या टोकाला कप्तानाची खोली. मागच्या खिडक्यांतून तिच्यात भरपूर उजेड येतो. आणखी एक जिना उतरला की खलाशांचा मजला लागतो. छत इतके ठेंगणे की उंच माणसाला तुळईखालून वाकूनच जावे लागते. इथेच खलाशी जेवत आणि रात्री तुळयांना झोळ्या बांधून झोपत. अंधार, कोंदटपणा आणि शेकडो माणसांची दाटी यांचा अंदाज चित्रावरून येत नाही. या मजल्यावर उभे राहिले की लगेच येतो. सर्वांत खाली सामानाचे तळघर आहे. धक्क्याभोवती अठराव्या शतकातल्या बंदराचा देखावा उभारला आहे. २०१६ पासून हे सारे ब्रिटनच्या शाही नौदल राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

जुने जहाज पाण्यात ठेवावे की बाहेर, हा जतनातला कठीण प्रश्न आहे. पाण्यात तळ कुजण्याची किंवा गंजण्याची भीती असते. बाहेर काढले तर पाण्याचा चहूबाजूंचा आधार जातो. व्हिक्टरीचा सांगाडा असाच स्वतःच्या भाराने खचू लागला, म्हणून तिच्याखाली आधारांची नवी रचना करावी लागली.

मुंबईकरांना या प्रश्नाची झळ विक्रांतच्या वेळी लागली. १९६१ मध्ये भारतीय नौदलात आलेली ही पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली होती. पोलादी तळ झिजत गेला, दुरुस्तीचा खर्च कोणी उचलेना. सुरक्षिततेच्या कारणाने २०१२ मध्ये तिच्यावर जाणे बंद झाले आणि २०१४ मध्ये ती मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली. १९७१ च्या युद्धात लढलेले जहाज असे जाणे ही मोठी हानी होती. विशाखापट्टणमला मात्र कुरसुरा ही पाणबुडी समुद्रातून ओढून किनाऱ्याच्या वाळूवर बसवली गेली; २००२ पासून तिचे संग्रहालय चालू आहे आणि लोक एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. विक्रांतवरून उडणाऱ्या सी हॉक आणि अलिझे जातींची विमाने गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात ठेवली आहेत. ते १९९८ मध्ये सुरू झाले.