विभागांचीही बटाई लेखी असावी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



रावेर, यावलच्या केळी बागायतदारांना 'हरण्या' रोगाची ओळख करून द्यायला नको. सन २०२० च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातील कितीतरी जणांना नवी रोपे उपटून फेकावी लागली. पानांवर पिवळसर पट्टे पडतात, पाने आखूड होतात, पोंगा सडतो. हा काकडीवरील मोझॅक विषाणू, म्हणजे सी. एम. व्ही. असे रोप दिसले तर आपण विद्यापीठाच्या कोणत्या विभागाकडे जाल?

रोग आहे, म्हणून वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे? पण तो पसरवतो मावा, म्हणजे काम कीटकशास्त्राचे. मावा विषाणू आणतो काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो व तणांवरून, म्हणजे आंतरपीक व तणांचा प्रश्न कृषिविद्येचा. आणि ऊतिसंवर्धित रोपे निरोगी होती की नाही, हे पाहणार उद्यानविद्या!

एकट्याने का भागत नाही, ते पाहा. मावा काही सेकंदांतच विषाणू उचलतो व तितक्याच झटपट दुसऱ्या झाडाला देतो. औषधाने तो मरेपर्यंत रोग लागलेला असतो. त्यामुळे नुसती फवारणी पुरत नाही. नुसती रोपे उपटली आणि बांधावरची तणे ठेवली, तरी रोग परत येतो. निरोगी रोपे आणून शेजारी काकडी लावली, तर पैसे वाया.

आपण जमीन बटाईने देतो, तेव्हा बियाणे कोणाचे, खत कोणाचे, माल कसा वाटायचा, हे आधीच ठरवतो. तोंडी ठरले की खळ्यावर भांडण होते. विभागांचेही तसेच आहे. दोन शास्त्रज्ञांची मैत्री असते तोवर काम चालते. एकाची बदली झाली की ते थांबते. म्हणून विभागांचा करार लेखी असावा, असे माझे मत आहे. त्यात पाच गोष्टी हव्यात: प्रमुख जबाबदारी कोणाची, बाग पाहायला किती दिवसांत जायचे, नमुना एकदाच घेऊन सर्वांनी वापरायचा, गाडी व प्रयोगशाळेचा खर्च कोणी करायचा, आणि शेवटी सर्वांच्या सहीची एकच शिफारस. चार विभागांचे चार सल्ले म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावला आहे, कृषि महाविद्यालय धुळ्याला आहे. माणसे व ज्ञान जवळच आहे. बांधणी पक्की हवी.

तोवर आपणही काही करावे. रोपे कोठून आणली, लागवड केव्हा केली, शेजारी कोणते पीक आहे, कोणती फवारणी केली, हे वहीत लिहून ठेवा. बागेत व बांधावर तण ठेवू नका. काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो केळीत घेऊ नका. रोगट रोप मुळासकट उपटून जाळा किंवा पुरा. नमुना उघडा नेऊ नका, बंद पिशवीत न्या. अहवालाची वाट पाहत रोगट रोप उभे ठेवू नका. आणि सल्ला घेताना आवर्जून विचारा, "साहेब, हा सल्ला सर्व विभागांचा आहे ना?"

आपण विचारत राहिलात, तर करार कागदावर यायला वेळ लागणार नाही.